एकट्याने की जोडीने? स्कुबातल्या बडीच्या नियमाची पार्श्वभूमी

नागपूरहून मडगावच्या गाडीने कुडाळला उतरून मालवण-तारकर्ली गाठायचे, नाहीतर विमान बदलत अंदमानला जायचे. विदर्भातल्या माणसाला समुद्रात स्कुबा, म्हणजे पाठीवर हवेचे सिलिंडर बांधून पाण्याखाली डाइव्ह करणे, शिकायचे तर वाट अशी लांबची आहे. एवढ्या दूर जाणारा पुष्कळदा एकटाच जातो, कारण रजा, पैसा आणि हौस या तिन्ही गोष्टी दोन मित्रांच्या एकाच वेळी क्वचितच जुळतात. मग बोटीवर त्याची जोडी एखाद्या अनोळखी माणसाशी लावून दिली जाते, तो त्याचा ‘बडी’ म्हणजे पाण्यातला सोबती, आणि ‘एकट्याने डाइव्ह करायची नाही’ हा पहिल्या वर्गापासून घोकलेला नियम पाळला गेला असे सगळेच धरून चालतात. हा नियम कोणत्या गरजेतून आला ते आपल्याकडच्या नव्या डायव्हरला कुणी सांगत नाही. ते सांगायला हवे, असे मला मनापासून वाटते.

पाण्याखाली जोडीने उतरण्याचा नोंदवलेला पहिला हुकूम 1839 चा आहे. इंग्लंडच्या किनाऱ्याजवळ 1782 मध्ये बुडालेल्या ‘रॉयल जॉर्ज’ या युद्धनौकेचे अवशेष काढण्याचे काम कर्नल चार्ल्स पॅस्ली यांच्याकडे होते. ऑगस्टस सीब यांनी बनवलेला धातूच्या शिरस्त्राणाचा पोशाख घालून त्यांचे पाणबुडे उतरत. त्यांनी दोघादोघांनी काम करावे, असे पॅस्लींनी ठरवून दिले. तरी त्या काळी पाणबुड्याचा खरा आधार खाली नव्हे, वर असे. हवा पंपाने वरून येई आणि दोर वरच्या माणसाच्या हातात असे. आपल्याकडे तुतिकोरिनच्या समुद्रात मोत्यांचे शिंपले काढणारेही असेच काम करत. एक जण दम धरून तळाशी जाई, दुसरा होडीत दोर धरून बसे. दोराला झटका बसला की वर ओढून घ्यायचे.

1943 मध्ये हा दोर सुटला. झाक-इव्ह कुस्तो आणि एमील गान्यां यांनी श्वासागणिक हवी तेवढीच हवा देणारा रेग्युलेटर तयार केला आणि सिलिंडर पाठीवर बांधून माणूस माशासारखा मोकळा झाला. भूमध्य समुद्रातल्या पहिल्या चाचणीत कुस्तो पाण्याखाली एकटेच होते, पण पृष्ठभागावर त्यांच्या पत्नी सिमोन तोंडात नळी धरून तरंगत त्यांच्यावर नजर ठेवून होत्या. माझ्या मते सगळी गोष्ट इथेच आहे. दोर धरणारा माणूस गेला आणि त्याच्या जागी कुणीतरी हवे होते. ती जागा पुढे बडीला मिळाली.

ती मिळण्यामागे पोहण्याच्या शिबिरांचाही हात आहे. अमेरिकेत वायएमसीए या युवक संघटनेच्या आणि स्काउटच्या शिबिरांत मुलांना जोड्या लावून पाण्यात सोडण्याची पद्धत आधीपासून रुळलेली होती. कॅलिफोर्नियातल्या स्क्रिप्स समुद्रविज्ञान संस्थेत कॉनरॅड लिम्बॉ यांनी शास्त्रज्ञांना शिकवायला सुरुवात केली, त्याच धड्यांवरून 1954 मध्ये लॉस एंजेलिस परगण्याचा सार्वजनिक अभ्यासक्रम उभा राहिला, 1959 मध्ये वायएमसीएचा देशभरचा अभ्यासक्रम सुरू झाला. 1960 मध्ये नाउई आणि 1966 मध्ये पाडी या डायव्हिंग शिकवणाऱ्या संस्था आल्या. शिकवणारे पोहण्याच्या जगातले होते, त्यामुळे नियमही तिथूनच सोबत आला.

त्या वेळच्या साहित्याकडे पाहिले की हा नियम किती गरजेचा होता ते कळते. पुष्कळांच्या सिलिंडरला दाब दाखवणारा गेज नसे. श्वास ओढायला जड झाला की पाठीमागची दांडी खाली ओढून राखीव हवा सुरू करायची, आणि दांडी आधीच चुकून खाली गेलेली असेल तर राखीव काहीच नाही. रेग्युलेटरला तोंडात धरायचा तुकडा एकच. दुसऱ्याची हवा संपली तर तोच तुकडा दोघांनी आळीपाळीने दोन-दोन श्वास घेत वर यायचे. घाबरलेला माणूस तो परत देत नाही, आणि मग दोघेही जातात. पण त्या दिवसांत दुसरी हवा फक्त सोबत्याच्या पाठीवर होती.

पुढे गेज आला, ऑक्टोपस म्हणजे जादा रेग्युलेटर आला, फुगवता येणारे जॅकेट आले. आणि प्रश्न विचारले जाऊ लागले. पाण्याखाली फोटो काढणारा एकाच प्रवाळापाशी अर्धा तास थांबतो, तेव्हा त्याचा बडी कुठे असतो? चार नवशिक्यांना घेऊन उतरलेल्या प्रशिक्षकाला त्यांच्यातला कोण वाचवणार? तो तर रोजच एकट्याने डाइव्ह करत असतो. लिम्बॉ स्वतः 1960 मध्ये फ्रान्समधल्या पोर-मिऊच्या पाण्याखालच्या गुहेत सोबत्यापासून सुटले आणि परत आलेच नाहीत. 1994 मध्ये मेक्सिकोतल्या झाकातोन या खोल कुंडात शेक एक्सली आणि जिम बाउडेन हे दोन नामवंत डायव्हर एकाच वेळी, पण वेगवेगळ्या दोरांवरून उतरले. बाउडेन वर आले, एक्सली गेले. गुहांमधल्या डायव्हिंगची सुरक्षेची शिस्त घडवणाऱ्यांत एक्सली अग्रभागी होते. एक तृतीयांश हवा जाताना, तेवढीच येताना आणि उरलेली संकटासाठी राखून ठेवायची, हा त्या शिस्तीतला नियम. त्या राखीव वाट्यात सोबत्याचाही हक्क धरलेला असतो.

एकट्याचा पक्ष नुसत्या हिमतीवर नाही, हिशेबावर उभा आहे. पृष्ठभागावर मिनिटाला 20 लिटर हवा लागत असेल तर 20 मीटर खोलीवर दाब तिप्पट, म्हणून 60 लिटर लागते. 12 लिटरच्या सिलिंडरमध्ये 200 बार दाबाला (बार हे दाबाचे एकक) 2400 लिटर हवा असते, म्हणजे जेमतेम 40 मिनिटांची, तीही शेवटच्या थेंबापर्यंत. वेगळा रेग्युलेटर लावलेला 3 लिटरचा पोनी, म्हणजे छोटा जादा सिलिंडर सोबत असेल तर 600 लिटर हाताशी राहतात. मिनिटाला 9 मीटरच्या वेगाने वर येत 5 मीटरवर 3 मिनिटे थांबायला तेवढी हवा पुरते, धाप लागलेली असली तरी. 1990 च्या दशकाच्या अखेरीस स्थापन झालेल्या एसडीआय या प्रशिक्षण संस्थेने यावर सोलो म्हणजे एकट्याने उतरणाऱ्या डायव्हरचा रीतसर अभ्यासक्रम काढला. अट अशी की वय 21 आणि नोंदवहीत 100 डाइव्ह. काही वर्षांनी पाडीनेही स्वावलंबी डायव्हरचा अभ्यासक्रम आणला, तिथेही 100 डाइव्ह लागतातच.

नागपूरकरांनी तिसरी परंपराही ध्यानात घ्यावी, कारण तीच आपल्या पाण्याची आहे. गढूळ तलावात हातभर अंतरावरचे दिसत नाही, तिथे बडी असून नसल्यासारखा. म्हणून अशा पाण्यात शोधकार्याची जगभरची रीत अशी की एक जण दोर बांधून खाली, एक दोर धरून काठावर आणि तिसरा साहित्य चढवून तयार.

दम धरून बुडी मारण्याचा मामला मात्र वेगळाच. शहरातल्या जलतरण तलावांवर मुले पाण्याखाली किती लांब जातो याची पैज लावतात. आधी भराभर श्वास घेतले की रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, श्वासाची ओढ उशिरा लागते आणि त्याआधीच शुद्ध हरपते. तिथे पोनी सिलिंडर नाही, गेज नाही, शरीराची सूचना नाही. काठावर नजर ठेवणारा माणूस एवढाच उपाय, आणि त्याने दुसरीकडे पाहायचे नाही.

मालवणच्या बोटीवर अनोळखी बडी मिळाला तर उतरण्याआधी त्याच्याशी पाच मिनिटे बोला. त्याचा ऑक्टोपस कुठे लटकतो, वजनाचा पट्टा कसा सुटतो, किती बार उरल्यावर परत फिरायचे, एकमेकांपासून सुटलो तर किती शोधायचे? शेवटच्या प्रश्नाचे शिकवले जाणारे उत्तर एक मिनिट आहे. मिनिटभर शोधून दोघांनीही वर यायचे.