डायव्हर ल्यूरसाठी रॉड घेण्याआधी एवढं वाचा

पावसाळा सरला, धरणं भरली, की आमच्या दुकानात एक तक्रार ठरलेली. "काका, मासा लागायलाय अन् काठावर येऊस्तोवर सुटायलाय. रॉड बोगस दिला का?"

रॉड बोगस नसतो, दुसऱ्या कामाचा असतो. आणि बऱ्याचदा तो आम्हीच विकलेला असतो, पण मरळीसाठी. डायव्हर म्हणजे तोंडाशी लांब पट्टी, म्हणजे जीभ, असलेला आणि ओढला की खोल जाणारा ल्यूर, नकली मासा. त्याला वेगळा रॉड लागतो. हे समजावण्यात दर शनिवारी अर्धा दिवस जातो, म्हणून हे पत्रक छापलं. ज्यांना गळाची गाठ मारता येते, रील भरता येते आणि ल्यूर म्हणजे काय हे माहीत आहे, त्यांच्यासाठी हे आहे. अगदी नवखे असाल तर दुकानात या, चहा घेत बोलू.

मरळीचा रॉड आणि डायव्हर

आपल्याकडे बहुतेकांची सुरुवात रबरी बेडकापासून होते. पाझर तलाव, कॅनॉलची कड, बंधाऱ्यातलं शेवाळ, आणि त्यात मरळ. मरळीचा जबडा हाडाचा. बेडकाचा हुक जाड, दोन काट्यांचा, आणि रबर दाबल्याशिवाय काटे बाहेर पडत नाहीत. तिथं सणसणीत झटका द्यावाच लागतो, वर गवतातून मासा ओढून काढायचा असतो. म्हणून मरळीचा रॉड कडक, फक्त शेंड्याला वाकणारा, आणि त्यावर जाड ब्रेड, म्हणजे विणलेली दोरी. यात काही चूक नाही. आम्हीही तोच देतो.

पुढं काय होतं? गडी मित्राबरोबर येलदरी धरणावर जातो, मित्राच्या डब्यात लांब जिभेचा खोल जाणारा ल्यूर बघतो, आला की आमच्याकडून दोन घेतो आणि त्याच कडक रॉडला लावतो. सात-आठशे रुपयांचा ल्यूर घेताना कोणी रॉडचा विचार करत नाही. आम्ही विचारलं तर "आहे ना घरी, चांगला जबर आहे" हे उत्तर.

डायव्हरच्या पोटाला आणि शेपटीला तीन काट्यांचे हुक असतात. हे काटे लहान आणि बारीक तारेचे. ते टोचायला झटक्याची गरज नसते. चालत्या ल्यूरवर मासा तोंड मारतो, काटे आपोआप धरतात, पण वरवर, ओठाच्या कडेला. आता कडक रॉड घ्या. माशानं तोंड पुरतं मिटायच्या आत शेंडा ल्यूर हिसकून घेतो. समजा धरलाच, तर शिवडा असो की मरळ, काठाजवळ आल्यावर एकदा तरी उसळी मारणारच. ब्रेड ताणत नाही, रॉड वाकत नाही. मग सगळा हिसका त्या बारीक काट्यावर. एक तर ओठ फाटतो, नाहीतर काटा सरळ होतो.

परभणीकडचे एक गिऱ्हाईक असाच रॉड घेऊन आले होते. एका सकाळी तीन मासे गेले म्हणून चांगलेच तापले होते. मी रॉडला हात लावला नाही, आधी ल्यूर मागितला. मागच्या हुकाचा एक काटा पार उघडला होता, खिळ्यासारखा. मग दुकानामागच्या बोळात गेलो. एक लिटरची पाण्याची बाटली अर्धी भरली, दोरीला बांधली आणि त्यांच्याच रॉडनं उचलायला लावली. वरचा फूटभर शेंडा वाकला, खाली रॉड लाठीसारखा सरळ. बाटली जमिनीवरून उडाली आणि भिंतीला लागली. मग आमचा ग्लासचा रॉड दिला. बाटली सावकाश उठली, रॉडची कमान निम्म्याच्या खाली आली. मी बाटलीला लाथ मारली, ती झुलली. रॉडही तिच्याबरोबर झुलला, पण दोरी कुठं ढिली पडली नाही. पाहुणे दोन मिनिटं नुसते बघत राहिले. मग म्हणाले, "हा तर नरम आहे की हो."

नरम नाही. गैरसमज नेमका इथंच होतो.

ताकद वेगळी, वाक वेगळा

रॉडच्या मुठीच्या वर बारीक अक्षरांत दोन गोष्टी लिहिलेल्या असतात. एक म्हणजे ताकद: एम म्हणजे मीडियम, एमएच म्हणजे मीडियम हेवी, एच म्हणजे हेवी. रॉड वाकवायला किती जोर लागतो ते यावरून कळतं. दुसरी गोष्ट वाक, कंपन्या त्याला ॲक्शन म्हणतात. फास्ट म्हणजे शेंडाच वाकणार, मॉडरेट म्हणजे वाक निम्म्या रॉडपर्यंत उतरणार. घोटाळा असा की काही रॉडवर मॉडरेटसाठीही एमच छापतात. तेव्हा अक्षरावर जाऊ नका, बाटली बांधून बघा. बाटली आमच्याकडे कायम भरून ठेवलेली असते.

डायव्हरला हवा मॉडरेट वाक. ताकद मात्र ल्यूरप्रमाणे. सहा ते दहा फूट जाणारा मध्यम डायव्हर साधारण आठ ते चौदा ग्रॅमचा असतो. त्याला एम ताकद पुरे, रॉडवर 7–21 ग्रॅम असं काहीतरी (ल्यूरचं वजन) लिहिलेलं असावं. बारा फुटांच्या पुढं जाणारा खोल डायव्हर वजनाला वीस-पंचवीस ग्रॅम असतो, पण पाण्यात त्याची जीभ इतकं पाणी अडवते की रिकामा ल्यूर ओढतानाही मासा लागल्यासारखं वाटतं. त्याला एमएच. इथं उलटी चूकही होते: मॉडरेट पाहिजे म्हणून कोणी अगदी हलका रॉड नेतो, तो निव्वळ ल्यूरच्या ओढीनंच पूर्ण वाकून बसतो आणि मासा आला तरी अडकवायला रॉडमध्ये काही शिल्लक राहत नाही. पण असे गिऱ्हाईक वर्षात एखाद-दुसरेच. कडक रॉडवाले दर आठवड्याला.

आणि रॉड बदलला तरी हाताची सवय बदलावी लागते. डायव्हरवर मासा लागला की बेडकासारखा झटका मारू नका. रील फिरवत राहा. रॉड जड होऊन वाकत गेला की मग बाजूला, आडवा, सावकाश ओढा. पहिले चार मासे हे आठवणीनं करावं लागतं.

कोणत्या पाण्याला कोणता

इथं आम्ही कधी कधी आमचंच नुकसान करतो, कारण बऱ्याच जणांना खोल डायव्हरची गरजच नसते.

नाथसागर, म्हणजे जायकवाडीचा जलाशय, बघायला समुद्र. पंचावन्न किलोमीटर लांब, सत्तावीस किलोमीटरपर्यंत रुंद. पण उथळ पसरलेला. कडेला कितीतरी ठिकाणी आत लांबवर पाणी पुरुषभरच. तिथं पंधरा फुटांचा ल्यूर टाकला तर तो चिखलात नांगरट करत येतो. तिथं मध्यम डायव्हर आणि सात फुटी एम रॉड, बास. येलदरीचं तसं नाही. पूर्णा डोंगराच्या बेचक्यातून येते, काही जागी काठावरून दहा पावलांत पाणी काळं होतं. खोल ल्यूरचं काम तिथं. बाकी माजलगाव, मांजरा, विष्णुपुरी. प्रत्येकाचा काठ वेगळा, तुम्ही कुठं बसता ते सांगा म्हणजे बोलता येईल.

उन्हाळ्यात पाणी उतरलं की जुने बांध, विहिरींचे कठडे, बाभळीचे बुंधे उघडे पडतात. तेव्हा मोबाईलवर फोटो काढून ठेवा. दिवाळीला मासा तिथंच असतो, आणि ल्यूरही तिथंच अडकतो.

रॉडची लांबी का महत्त्वाची, तेही याच्याशी जोडलेलं आहे. ल्यूर पाण्यात पडल्या पडल्या खोल जात नाही. रील फिरवायला लागल्यावर तिरका उतरत जातो, मधला काही टप्पा खोलीवर चालतो, आणि तुमच्या जवळ आला की दोरीच्या ओढीनं वर चढतो. म्हणजे पंचवीस मीटर फेकला तर कामाची जागा मधली दहा-बारा मीटर. जितका लांब फेकाल तितकी ही जागा वाढते. म्हणून खोल ल्यूरला साडेसात ते आठ फुटी रॉड. मॉडरेट रॉड फेकताना पूर्ण वाकतो आणि ल्यूर जोर न लावता लांब जातो, हा वरचा फायदा. फक्त दुचाकीवर किंवा एसटीनं जाणाऱ्यांनी दोन तुकड्यांचाच घ्यावा. सलग आठ फुटी रॉड एसटीत चढवताना कंडक्टरशी झालेली भांडणं आम्ही इथं बसून ऐकतो.

दोरी बारीक ठेवा. मरळीची पन्नास पौंडी ब्रेड पाण्यात जास्त अडते, ल्यूर डबीवर लिहिलेल्या खोलीच्या बराच वर राहतो. दहा-बारा पौंडांचा तंगूस (नायलॉनची दोरी) किंवा फ्लोरोकार्बन चांगला. ब्रेडच हवी असेल तर वीस पौंडी, पुढं ल्यूरकडं दोन मीटर लीडर (तंगूस किंवा फ्लोरोकार्बनचा तुकडा), आणि ड्रॅग, म्हणजे रीलचा ब्रेक, सैल. रील शक्यतो हळू फिरणारी, हँडलच्या एका फेरीला रीलचे पाच फेरे. सात फेऱ्यांच्या रीलनं खोल ल्यूर ओढून तासाभरात मनगट भरून येतं.

ग्लास की ग्राफाइट

फायबर ग्लासचा रॉड जड, पण वाक मनासारखा आणि दणकट. ग्राफाइट हलका, ल्यूरची थरथर हातात नीट कळते, पण बहुतेक ग्राफाइट रॉड फास्ट असतात. दोन्ही मिसळून केलेले रॉड येतात, ते आम्हाला सगळ्यात आवडतात. दिवसभर फेकलं तरी खांदा दुखत नाही. बाजारात ग्लासला "जुना माल" म्हणून नाक मुरडतात. डायव्हरसाठी आम्ही अजून ग्लास ठेवतो आणि त्याची आम्हाला लाज नाही.

एक गोष्ट मात्र हसण्यावारी नेऊ नका. ग्राफाइटमधून वीज जाते. आपल्याकडे धरणाच्या काठाकाठानं शेतकऱ्यांच्या मोटारी आणि त्यांच्या लोंबणाऱ्या तारा असतात. आठ फुटी रॉड उभा धरून त्याखालून चालू नका. फेकण्याआधी वर बघा. आभाळ गडगडायला लागलं की रॉड आडवा ठेवून काठ सोडा.

मोडलेल्या रॉडबद्दल

मोडलेला रॉड आम्ही बदलून देत नाही म्हणून काही जण नाराज आहेत. आमचं म्हणणं ऐका. रॉड कसा मोडला हे मोडलेल्या जागेवरून बहुतेक वेळा कळतं. शेंड्याजवळ मोडला असेल तर मासा पायाशी आल्यावर रॉड खांद्यामागं नेलेला असतो. सगळा वाक वरच्या दीड फुटावर येतो आणि तो जातो. मासा जवळ आला की रॉड आडवा ठेवा आणि जाळी वापरा. शेंडा चपटा होऊन मोडला असेल तर तो गाडीच्या दारात सापडलेला असतो. यावर वाद घालण्यात अर्थ नाही. आणि मध्येच मोडला असेल तर बाभळीत अडकलेला ल्यूर रॉडनं ओढलेला असतो.

अडकल्यावर आधी दोरी ढिली सोडा. बहुतेक डायव्हर तरंगणारे असतात, ढील मिळाली की मागं सरकून वर येतात. निम्मे ल्यूर एवढ्यानं सुटतात. नाहीच सुटला तर रॉड सरळ ल्यूरच्या दिशेनं धरा, दोरी उपरण्यात नाहीतर जाड कापडात गुंडाळा आणि हातानं ओढा. नुसत्या हातानं ब्रेड ओढली तर बोट कापतं.

विकताना आम्ही प्रत्येक रॉड गिऱ्हाइकासमोर बाटली बांधून वाकवून दाखवतो. त्यात दोष निघाला तर तो रॉड आमचा. काही जण दुकानात शेंडा फरशीला टेकवून दाबतात किंवा छताला लावतात. तसं करू देत नाही, त्यानं नवा रॉडही जातो. दुसऱ्या दुकानात करू देतात म्हणून सांगू नका.

घ्यायला येताना

मरळीचा रॉड विकू नका, बेडकाला तोच लागतो. डायव्हरसाठी दुसरा घ्यावा लागेल. एकच घेणार असाल तर सात फुटी, एम ताकद, मॉडरेट, मिश्र बनावटीचा, दोन तुकड्यांचा. मध्यम डायव्हर सगळे चालतील आणि लहान खोल डायव्हरही ओढता येतील. अडीच हजारांच्या आसपास बसतो. आठ फुटी एमएच आम्ही मोजकेच मागवतो, येण्याआधी विचारून घ्या. मासेमारीचे हक्क बहुतेक जलाशयांवर सहकारी संस्थांकडे असतात, आणि जायकवाडीला तर पक्षी अभयारण्य आहे. कुठं बसता येतं याची परवानगी आधी काढा, मग रॉडवर पैसे घाला.

ल्यूरचा डबा सोबत आणा, नुसतं नाव सांगू नका. जुना रॉडही आणा. कधी कधी घरी पडलेला बापाच्या काळातला ग्लासचा रॉडच डायव्हरला उत्तम निघतो, आणि आम्ही फक्त त्याच्या कड्या बदलून देतो. त्याचे दोनशे रुपये. शनिवारी गर्दी असते, मधल्या वारी या. सोमवारी दुकान बंद.