टार्सियर कोणाच्या पंगतीत?

फिलिपिन्स, बोर्निओ, सुलावेसीच्या जंगलांत टार्सियर नावाचा मुठीत मावेल एवढा प्राणी राहतो. त्याचा एकेक डोळा जवळपास त्याच्या मेंदूएवढा. माणूस, माकडं, लेमूर ज्यात येतात त्या नरवानर गणाची (प्रायमेट्स) वर्गवारी वर्षानुवर्षं अडली ती बरीचशी याच्यापाशी.

जीवांच्या वर्गीकरणाचा पाया घालणाऱ्या लिनियसने १७५८ मध्ये हा गण मांडला तेव्हा माणूस, माकडं आणि लेमूर यांच्या शेजारी वटवाघळंही बसवली होती! पुढे १८११ मध्ये जर्मन प्राणिशास्त्रज्ञ इलिगरने लेमूर-लोरिस मंडळींसाठी 'प्रोसिमी' हे नाव काढलं. अर्थ सरळ, माकडांच्या आधीचे. टार्सियरलाही नंतर त्यातच ढकललं गेलं. रात्री हिंडतो, डोळे मोठे, मेंदू लहान. मग आणखी काय हवं?

१९१८ मध्ये ब्रिटिश प्राणिशास्त्रज्ञ पोकॉकने टार्सियरचं नाक पाहिलं. (मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या जर्नलमध्ये वाघ-बिबट्यांवर लिहिणारा तो हाच.) लेमूर-लोरिसचं नाक कुत्र्यासारखं ओलसर, नाकपुडीला बाजूने चीर. टार्सियरचं मात्र कोरडं, माकडांसारखं आणि आपल्यासारखं. म्हणून पोकॉकने त्याला आपल्या पंगतीत आणलं. हे सगळ्यांना पटायला बराच काळ गेला, पण पुरावे त्याच्याच बाजूने साचत गेले. लेमूर 'क' जीवनसत्त्व शरीरातच बनवतात; टार्सियरला ते जमत नाही, आपल्यालाही नाही. लेमूरचे डोळे अंधारात मांजरासारखे चमकतात. टार्सियरच्या डोळ्यांत प्रकाश परतवणारा तो पडदाच नाही. त्याचे पूर्वज दिवसा वावरणारे असावेत आणि पुन्हा रात्रीकडे वळताना पडद्याची उणीव डोळ्यांच्या आकाराने भरून निघाली असावी, असं मानलं जातं. जनुकांनीही शेवटी हेच नातं दाखवलं. 'प्रोसिमियन' हा शब्द बोलण्यात टिकला, पण वंशावळीतली शाखा म्हणून तो बाद झाला.

जीवाश्मांनीही कमी चकवलं नाही. पॅरिसजवळच्या जिप्समच्या खाणींत सापडलेला अडापिस हा लेमूरसारखा प्राणी जीवाश्मांचा मोठा जाणकार असलेल्या खुद्द कुव्हिएला खुरवाल्यांपैकी वाटला होता. २००९ मध्ये जर्मनीतल्या मेसेलच्या 'इडा' या जीवाश्माला माणसाच्या शाखेत बसवण्याचा गाजावाजा झाला. बहुतेक अभ्यासकांनी पुढे इडाला लेमूरच्या बाजूला ठेवलं.

मला त्याहून मोलाची वाटतात ती सुरत जिल्ह्यातल्या वस्तानच्या लिग्नाइट खाणीतली हातापायांची बारीक हाडं. सुमारे ५ कोटी ४५ लाख वर्षांपूर्वीची. लेमूरची आणि टार्सियर-माकडांची, अशा दोन्ही शाखांच्या खुणा त्यांत इतक्या जवळजवळ आहेत की कोणतं हाड कोणाचं, हे ठरवणंच अवघड जातं.