नागपूरचा कूलर, मुंबईचा एसी आणि मे महिन्याचं बिल

फेब्रुवारीचं आणि मेचं वीजबिल शेजारी शेजारी ठेवून पाहा. दिवे तेवढेच लागलेले असतात, टीव्ही तेवढाच चाललेला असतो, गिझर तर बंदच झालेला असतो. तरी मेमधले युनिट चांगलेच वाढलेले दिसतात. ही वाढ होते पंखा, कूलर, एसी आणि फ्रिज यांच्यामुळे, आणि या चौघांना कामाला लावते ती उष्णता. म्हणून बिल कमी करायचं असेल, तर घरात उष्णता कुठून शिरते आणि ती बाहेर काढायला आपल्या गावच्या हवेत सर्वांत स्वस्त मार्ग कोणता, हे आधी पाहायला हवं. ‘खोलीबाहेर पडताना बटण बंद करा’ हे आपण सगळ्यांनी लहानपणापासून ऐकलंय. ते योग्यच आहे, पण मे महिन्यातली मोठी बचत तिथे नाही.

सुरुवात छपरापासून करू. महाराष्ट्रात मे महिन्यात शून्य सावलीचा दिवस येतो: कोल्हापूरला पहिल्या आठवड्यात, पुणे-मुंबईला महिन्याच्या मध्यावर, नागपूरला २६ मेच्या सुमारास. त्या दिवशी दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर असतो. म्हणजे ऐन उन्हाळ्यात भर दुपारच्या उन्हाचा सगळा मारा छपरावर होतो. भर दुपारी दर चौरस मीटरवर साधारण ९०० ते १००० वॅट ऊन पडतं. १० बाय १२ फुटांच्या खोलीवरचा स्लॅब घेतला, तर एकट्या त्यावर १० किलोवॅटच्या आसपास ऊर्जा कोसळत असते. ती सगळी घरात येत नाही. बरीचशी वाऱ्याबरोबर आणि प्रारणाने परत जाते. पण उघडा, काळपट सिमेंटचा स्लॅब निम्म्याहून अधिक ऊन शोषतो. काँक्रीट जाड असल्याने ही उष्णता खालच्या बाजूला पोचायला काही तास लागतात. वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांना संध्याकाळी सातला छताला हात लावला तर चटका का बसतो आणि रात्री पंख्याची हवा गरम का येते, याचं उत्तर या उशिरात आहे. ऊन मावळलेलं असतं, पण दुपार छतातून खाली उतरत असते.

स्लॅबला पांढरा रंग दिला, की तेच ऊन आत शिरण्याऐवजी आकाशात परत जातं. ताजा पांढरा थर ७० टक्क्यांहून अधिक ऊन परतवू शकतो. बाजारात यासाठी ‘कूल रूफ’ रंग मिळतात. ते परवडत नसतील, तर चिकटद्रव्य मिसळलेल्या चुन्याचे दोन हातही उपयोगी पडतात, फक्त पावसाळ्यानंतर ते पुन्हा द्यावे लागतात. वरच्या मजल्यावरच्या खोलीत यामुळे २ ते ५ अंशांपर्यंत फरक पडू शकतो. तेलंगणाने २०२३ मध्ये यासाठी राज्याचं स्वतंत्र धोरणच आणलं आणि अहमदाबादेत वस्त्यांमधल्या छपरांना पांढरा रंग देण्याची मोहीम त्याआधीच सुरू झाली होती. पत्र्याच्या घरांना तर याची गरज सर्वांत जास्त आहे. पत्रा पातळ असतो, उष्णता अडवण्याची किंवा लांबवण्याची ताकद त्याच्यात नसते. दुपारी त्याखाली बसणाऱ्या माणसाच्या आणि उन्हाच्या मध्ये एक मिलिमीटरही नसतो. तिथे पांढरा रंग आणि खालून बांबूच्या तट्ट्यांचं किंवा थर्माकोलचं छत या दोन गोष्टी कोणत्याही यंत्राआधी कराव्यात, असं माझं ठाम मत आहे.

आता भिंती आणि खिडक्या. सूर्य मेमध्ये पूर्वेच्या जरा उत्तरेला उगवतो आणि पश्चिमेच्या जरा उत्तरेला मावळतो. त्यामुळे दक्षिणेच्या खिडकीतून या दिवसांत जवळजवळ ऊन येतच नाही. खरा त्रास पश्चिमेच्या खिडकीचा. दुपारी तीननंतर ऊन तिरपं होऊन थेट आत शिरतं, आणि तेही दिवसाची हवा सर्वांत तापलेली असताना. अनेक घरांत अशा खिडकीला आतून जाड पडदा लावतात. त्याने डोळ्यांना बरं वाटतं, पण उष्णता काचेच्या आत येऊन चुकलेली असते. काच उन्हाला आत सोडते, पण तापलेल्या पडद्याने सोडलेली अवरक्त किरणं बाहेर जाऊ देत नाही. तोच कपडा, तीच बांबूची चटई, नर्सरीत मिळणारी तीच हिरवी जाळी काचेच्या बाहेर टांगली, तर ऊन खोलीत पोचतच नाही. आपल्या जुन्या घरांचे लांब सज्जे आणि ओसऱ्या हेच काम करत होते.

पुण्या-नाशकाकडे आणखी एक सोय निसर्गानेच दिलेली आहे. एप्रिलमध्ये पुण्यात दुपारी पारा ३८ अंशांना टेकतो, पण पहाटे २०-२२ पर्यंत उतरतो. सूर्य बुडाल्यावर सगळ्या खिडक्या उघडायच्या, समोरासमोर वारा खेळू द्यायचा आणि सकाळी नऊच्या आत बंद करून टाकायच्या. भिंतींनी रात्रभर साठवलेला गारवा दुपारपर्यंत पुरतो. मुंबईत मात्र मेमध्ये दिवसा ३३-३४ आणि रात्री २७ असा प्रकार असतो. तिथे ही युक्ती फारशी चालत नाही.

मुंबई आणि नागपूर यांच्यातला खरा फरक पाण्याच्या वाफेचा आहे.

एक लिटर पाण्याची हवेत वाफ होताना ते सुमारे २४०० किलोज्यूल उष्णता ओढून घेतं. वीजबिलाच्या भाषेत हे साधारण पाऊण युनिटाच्या जवळ जातं, नेमकं सांगायचं तर ०.६७ युनिट. माठातलं पाणी गार होतं ते याच कारणाने. आता कूलरचा हिशेब बघा. विदर्भातल्या कोरड्या हवेत एक मोठा डेझर्ट कूलर तासाला ५ लिटर पाणी उडवत असेल, तर तो हवेतून जवळपास ३.३ किलोवॅट दराने उष्णता काढतो. एक टनाच्या एसीची क्षमता असते ३.५ किलोवॅट. (हा ‘टन’ बर्फाच्या व्यापारातून आला आहे. एक टन बर्फ चोवीस तासांत वितळताना जेवढी उष्णता शोषेल, तेवढी क्षमता.) म्हणजे काम एसीच्या जवळपास, आणि त्यासाठी कूलरचा पंखा आणि छोटा पंप मिळून वीज लागते सुमारे २०० वॅट. एसीला त्याच कामासाठी हजार वॅटच्या आसपास लागते.

हे किती साधेल, ते हवेच्या कोरडेपणावर ठरतं. नागपुरात मेच्या दुपारी ४४ अंश तापमान आणि १५ टक्के आर्द्रता असेल, तर पाणी उडवून हवा जास्तीत जास्त सुमारे २३ अंशांपर्यंत थंड होऊ शकते. चांगल्या ताट्या (पाण्याने भिजणाऱ्या बाजूच्या जाळ्या) असलेला कूलर त्यातला चार-पंचमांश पल्ला गाठतो आणि २७-२८ अंशांची हवा देतो. मुंबईत ३३ अंश आणि ७० टक्के आर्द्रता असताना ही मर्यादाच २८ अंशांवर अडते. कूलरमधून येणारी हवा चार अंशांनी उतरलेली, पण ओलीचिंब. त्या हवेत अंगावरचा घाम वाळत नाही आणि चिकचिक वाढते. म्हणून कोकणात, मुंबईत, गोव्यात कूलर घेणं म्हणजे पैसे वाया घालवणं आहे. उलट नागपूर, अकोला, चंद्रपूर, जळगावात कूलर असताना एसी लावून ठेवणं महागात पडतं, निदान पहिल्या पावसापर्यंत तरी.

कूलर मात्र नीट वापरायला हवा. तो खिडकीत, बाहेरची कोरडी हवा खेचेल असा बसवायचा, आणि समोरची एखादी खिडकी उघडी ठेवायची. बंद खोलीत कूलर लावला, तर तासाभरात तीच ओली हवा फिरू लागते आणि आपण नागपुरात मुंबई तयार करतो. खसाच्या किंवा लाकडी किसाच्या ताट्या दर हंगामात बदलाव्यात. त्यांवर क्षार साचले, की हवा पाण्याला टेकतच नाही. आणि एक गोष्ट बिलाशी संबंध नसतानाही सांगतो, कारण विदर्भात दर उन्हाळ्यात यामुळे जीव जातात: कूलरमध्ये पाणी भरण्याआधी प्लग काढा, अर्थिंग तपासून घ्या, आणि ओल्या पायांनी लोखंडी बॉडीला हात लावू नका. लहान मुलांना तर त्याच्या जवळही जाऊ देऊ नका.

मुंबईच्या एसीची गोष्ट नेमकी उलटी आहे. त्याच्या नळीतून थेंब थेंब पडणारं पाणी तुम्ही पाहिलं असेल. हवेतली वाफ थंड कॉइलवर पाणी होते, आणि होताना तीच ०.६७ युनिटभर उष्णता दर लिटरमागे परत देते. ती बाहेर फेकण्याचं काम एसीलाच करावं लागतं. नागपुरात जी उष्णता पाण्याने फुकट ओढून नेली, तीच मुंबईत आपण वीज खर्चून हुसकावतो. तासाला दीड लिटर पाणी पडत असेल, तर दीड टनाच्या एसीची जवळपास पाचवा हिस्सा ताकद निव्वळ हवा सुकवण्यात जाते. अमेरिकेत १९०२ मध्ये विलिस कॅरियर यांनी पहिला आधुनिक एसी बनवला, तोही ब्रुकलिनच्या एका छापखान्यातला दमटपणा आटोक्यात आणण्यासाठी. कागद ओलाव्याने फुगायचा आणि रंग जागेवर बसायचे नाहीत.

त्यामुळे किनाऱ्यालगतच्या घरात एसीच्या खोलीची दाराखालची फट बुजवणं, खिडकीच्या कडांना रबरी पट्टी लावणं, ओले कपडे त्या खोलीत न वाळवणं, यांचा परिणाम बिलावर थेट दिसतो. फटीतून येणारी दमट हवा म्हणजे पुन्हा सुकवायचं पाणी. खोलीपेक्षा मोठा एसी घेऊ नये, यामागेही हेच आहे. तो खोली पटकन थंड करून थांबतो, हवा सुकवायला त्याला वेळच मिळत नाही, आणि आपण गार पण चिकट खोलीत बसून तापमान आणखी खाली नेतो.

तापमान १८ वर ठेवलं म्हणजे खोली लवकर थंड होते, हा समज जुन्या, साध्या कॉम्प्रेसरच्या एसीबाबत तरी निखालस चुकीचा आहे. तो कॉम्प्रेसर २४ ला आणि १८ ला त्याच ताकदीने चालतो, फक्त १८ ला तो थांबायचं नाव घेत नाही. ऊर्जा दक्षता ब्युरोच्या अंदाजानुसार दर एक अंश वर गेल्यावर सुमारे ६ टक्के वीज वाचते. म्हणूनच जानेवारी २०२० पासून स्टार लेबल असलेले नवे एसी सुरू केल्यावर आपोआप २४ वर येतात. माझा सल्ला त्याहून वर जाण्याचा आहे: २६ किंवा २७, आणि डोक्यावर पंखा मंद.

पंखा खोली थंड करत नाही. रिकाम्या खोलीत फिरणारा पंखा आपल्या मोटरच्या थोड्या उष्णतेची तिथे भरच घालतो. पंखा माणसाला थंड करतो, कारण वाऱ्याने घाम लवकर उडतो आणि त्वचेला हवा दोन-तीन अंशांनी कमी वाटते. एसी २७ वर आणि पंखा चालू ही जोडी म्हणूनच २४ च्या एसीइतकी सुखाची असते.

आणि पंखा कोणता, यानेही बराच फरक पडतो. साधा छताचा पंखा पूर्ण वेगात ७० ते ८० वॅट खातो, बीएलडीसी पंखा (ब्रश नसलेल्या, कमी वीज खाणाऱ्या मोटरचा) ३० च्या आसपास. उन्हाळ्यात पंखा दिवसाला १५ तास फिरतो असं धरलं, तर एका पंख्यामागे महिन्याला २० युनिट वाचतात. तीन पंख्यांचे ६०.

हे ६० युनिट बिलात कुठून वजा होतात, ते बघण्यासारखं आहे. महावितरणचा घरगुती दर टप्प्यांचा आहे: १०० पर्यंत, १०१ ते ३००, ३०१ ते ५०० आणि त्यापुढे. प्रत्येक टप्प्याचा दर आधीच्यापेक्षा चढा. समजा तुमचा मेचा वापर ४२० युनिट आहे. वाचलेले ६० युनिट सरासरी दराने कमी होत नाहीत, ते थेट वरच्या महाग टप्प्यातून जातात. शिवाय त्यांच्यावरचा वहन आकार (वीज घरापर्यंत पोचवण्याचा खर्च) आणि १६ टक्के वीज शुल्कही जातं. वरच्या टप्प्यातलं एक युनिट सगळं धरून १० रुपयांहून बरंच महाग पडतं. या हिशेबाने बीएलडीसी पंख्याची जास्तीची किंमत दोन-तीन उन्हाळ्यांत वसूल होते, आणि पंखा त्यानंतरही फिरतच राहतो.

फ्रिजबद्दल थोडक्यात. तो चोवीस तास चालतो आणि आतली उष्णता मागच्या किंवा बाजूच्या भिंतीतून बाहेर टाकतो. त्याला श्वास घ्यायला जागा द्या, गॅसच्या शेगडीपासून दूर ठेवा. दाराच्या रबरात कागद अडकवून ओढून पाहा. सहज निघाला तर रबर बदला. पिण्याचं पाणी माठात ठेवलं, तर दिवसभरात दार उघडण्याच्या बऱ्याच वेळा वाचतात.

आपल्या घरात नेमकं काय किती वीज घेतंय, हे कुणाला विचारायची गरज नाही. मीटरवर एक लाल दिवा लुकलुकत असतो आणि शेजारी, एका युनिटामागे तो किती वेळा लुकलुकेल, हे छापलेलं असतं. बऱ्याच मीटरवर तो आकडा ३२०० असतो. घरातलं सगळं बंद करा, एकच उपकरण चालू ठेवा आणि मिनिटभर दिवा मोजा. ३२०० च्या मीटरवर साधा पंखा मिनिटाला ४ वेळा लुकलुकवेल, बीएलडीसी पंखा दीड-पावणेदोन वेळा, आणि दीड टनाचा एसी पूर्ण जोरात ८० च्या आसपास. मग शेवटचं उपकरणही बंद करा. दिवा तरीही लुकलुकत असेल, तर सेट-टॉप बॉक्स, राउटर, टीव्ही यांचे प्लग एकेक करून काढत जा आणि कोणता काढल्यावर तो मंदावतो ते पाहा. दहा वॅट खाणारा सेट-टॉप बॉक्स महिन्याला ७ युनिट घेतो, आणि ३०० च्या सीमेपलीकडे गेलेल्या घराला हे ७ युनिट त्या महाग दरानेच भरावे लागतात.