डॉक्टरकीचं लायसन: मुंबईची यादी, हैदराबादचे हकीम आणि मधात आपला मराठवाडा

आमच्या दुकानावर बोर्ड आहे मल्टी सर्व्हिसेसचा, म्हणजे झेरॉक्स, पॅनकार्ड, पीकविमा, सगळंच. पण दरसाल एक सीझन असा येतो की इंटर्नशिप संपलेली डॉक्टर पोरं-पोरी प्लास्टिकच्या फाईली घेऊन येतात आणि महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलचा, म्हणजे राज्यातल्या डॉक्टरांची नोंद ठेवणाऱ्या संस्थेचा, फॉर्म भरून द्या म्हणतात. मागच्या सीझनला परभणीकडची एक पोरगी आली, सोबत तिचे वडील, धोतर-टोपीवाले. मी एकेक कागद स्कॅन करत होतो, पासिंग सर्टिफिकेट, इंटर्नशिप कम्प्लिशन, प्रोव्हिजनल रजिस्ट्रेशन, आधार, फोटो. वडील दोनदा विचारले, "लायसन कधी यील मग पोरीचं?" पोरगी म्हणाली, "पप्पा लायसन नाही ओ, रजिस्ट्रेशन." ते म्हणाले, "तेच की, गाडीचं असतंय तसं."

तर तेच नाहीये, म्हणजे निदान सुरुवातीला तरी नव्हतं, आणि ते कसं झालं ते सांगावं म्हणून हे लिहायलोय, कारण फॉर्म भरता भरता मला पण उत्सुकता लागली आणि मी बरंच वाचलं.

मूळ कल्पना इंग्रजांची. तिकडं इंग्लंडात १८५८ ला मेडिकल अ‍ॅक्ट आला आणि जनरल मेडिकल कौन्सिल निघाली. काम एकच, एक यादी ठेवायची. कोण शिकलेला डॉक्टर आणि कोण नुसता जडीबुटीवाला हे लोकांना कळावं म्हणून. यादीत नाव नसलेल्यानं औषध देऊच नये असं नव्हतं, फक्त त्यानं मी यादीतला आहे असं खोटं सांगू नये. म्हणजे परवाना नाही, नोंद. हा फरक डोक्यात ठेवा, पुढचं सगळं यावरच आहे.

आपल्या देशात ही यादी पहिल्यांदा मुंबई इलाख्यात आली, बॉम्बे मेडिकल अ‍ॅक्ट १९१२ नं. मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेज १८४५ पासून चालूच होतं, म्हणजे डॉक्टर आधी आले आणि यादी त्यानंतर सदुसष्ट वर्षांनी. यादीत नाव असलं की सर्टिफिकेटवर सही चालायची, सरकारी नोकरीत मान. नसलं तर दवाखाना चालवायला कुणी अडवत नव्हतं, पण तुमच्या सहीला कोर्टात नि कचेरीत किंमत नाही. आणि यादीत फक्त विलायती पद्धतीची वैद्यकी शिकलेले. वैद्य, हकीम बाहेर. एवढंच नाही तर यादीतल्या माणसानं बाहेरच्यांशी फार सोयरीक ठेवायची नाही असा दंडक, आयुर्वेदाच्या कॉलेजशी संबंध ठेवला म्हणून मुंबईत एका शिकलेल्या डॉक्टरवरच कारवाई झाली, त्यावरून तेव्हा मोठा गदारोळ झाला होता. शेवटी १९३८ ला मुंबई सरकारनं वैद्य-हकिमांसाठी वेगळा कायदा केला आणि वेगळी यादी काढली, त्यात डिग्री नसलेल्या पण आधीपासून प्रॅक्टिस करत असलेल्यांना पण एका कोपऱ्यात जागा दिली.

आता हे सगळं वाचताना मला सारखं वाटत होतं की यात आपण कुठंच नाही. नाहीच. १९१२ ला आपण मुंबईवाले नव्हतोच ना, आपण निजामाचे. औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड, उस्मानाबाद असे पाच जिल्हे, जालना लातूर हिंगोली तर लै नंतर वेगळे झाले, आणि राजधानी हैदराबाद. कुणाला डॉक्टर व्हायचं असलं तर मनमाड-काचीगुडा मीटरगेजनं हैदराबादला जायचं. तिथं १८४६ ला मेडिकल स्कूल निघालं होतं, म्हणजे ग्रँट कॉलेजच्या फक्त एक वर्ष मागं, आणि गंमत म्हणजे शिकवायचे उर्दूतून आणि शिकून निघालेल्याला पण हकीमच म्हणायचे. शरीरशास्त्र विलायती, भाषा उर्दू, पदवी हकीम. याच हैदराबादेत १८८८ आणि १८८९ ला क्लोरोफॉर्म द्यावा कसा, त्यानं माणूस दगावतो कशानं यावर दोन कमिशनं बसली होती, निजामाच्या पैशावर, आणि विलायतेतल्या डॉक्टरांत त्यावर वाद झाले. आपण उगाच समजतो की निजामाच्या राज्यात नुसता अंधार होता. अंधार होताच, पण तो आपल्या खेड्यांत होता, राजधानीत बत्ती होती.

पुढं १९१८ ला उस्मानिया विद्यापीठ सुरू झालं, ते पण उर्दू माध्यमाचं, तिथं डॉक्टरकीची पुस्तकं भाषांतर करून शिकवली. मला हे फार भारी वाटतं खरं, आज आपण मराठीतून मेडिकल म्हटलं की लोक हसतात. पण बीडच्या खेड्यातल्या मराठी बोलणाऱ्या पोराला उर्दू पण परकीच होती, त्यामुळं त्याला त्याचा काही फायदा नाही, हे पण तितकंच खरं. आणि युनानीला दरबाराचा आधार होता, चारमिनारपाशी युनानी दवाखाना सरकारनंच उभा केलेला. म्हणजे मुंबईत हकीम यादीच्या बाहेर ताटकळत होता तेव्हा आपल्याकडं हकिमाला राजाचा मान होता. आमच्याकडं म्हातारी माणसं अजून "हकीमसाबकडून पुडी आणली" असं म्हणतात, त्यात जो आदर आहे ना तो तिथून आलेला आहे असं माझं मत.

१७ सप्टेंबर १९४८ ला निजाम गेला. आपण भारतात, पण अजून हैदराबाद राज्यातच. मग १ नोव्हेंबर १९५६ ला भाषावार रचना झाली आणि मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात, मग १ मे १९६० ला महाराष्ट्र. आता तुम्ही विचार करा, एखादा डॉक्टर समजा नांदेडला एकाच गल्लीत, एकाच खुर्चीवर बसलेला, तो जागचा हलला नाही आणि बारा वर्षांत त्याचं राज्य तीनदा बदललं. आणि डॉक्टरची नोंद तर राज्याची असते. नवीन महाराष्ट्रात मग तीन तुकड्यांत तीन तऱ्हा झाल्या, जुन्या मुंबई भागात १९१२ चा कायदा, विदर्भात सीपी अँड बेरारचा, म्हणजे जुन्या मध्य प्रांत-वऱ्हाडचा, १९१६ चा, आणि आपल्याकडं हैदराबादहून आलेली व्यवस्था. हे सगळं एका दोरीत ओवायला दोन कायदे झाले. वैद्य-हकिमांसाठी महाराष्ट्र वैद्यकीय व्यवसायी अधिनियम १९६१, आणि अ‍ॅलोपॅथीवाल्यांसाठी महाराष्ट्र मेडिकल कौन्सिल अ‍ॅक्ट १९६५. आज पोरं जो फॉर्म भरतात तो या दुसऱ्या कायद्याचा. पेपरात जी बातमी येते ना, अमुक गावात बोगस डॉक्टर पकडला, कलम ३३ खाली गुन्हा, ते कलम ३३ पहिल्या, १९६१ च्या कायद्यातलं.

आणि यांच्याच मधात, १९६४ ला, खरी मोठी गोष्ट झाली जिच्याकडं कुणाचं लक्ष नसतं. देशपातळीवर १९५६ चा इंडियन मेडिकल कौन्सिल अ‍ॅक्ट होता, त्यात १९६४ ला दुरुस्ती करून लिहिलं की राज्याच्या रजिस्टरवर नाव नसेल त्यानं अ‍ॅलोपॅथीची प्रॅक्टिस करायचीच नाही. संपलं. पन्नास वर्षं जी नुसती यादी होती तिचं कुलूप झालं. शिक्षा वर्षभराची कैद नाहीतर हजार रुपये दंड, हजार रुपये तेव्हा मोठे होते पण पुढं ती रक्कम तशीच राहिली, म्हणजे नंतर नंतर बोगस माणसाची दोन दिवसाची कमाई.

कुलूप लागलं तरी खेड्यात काय फरक पडला? काही नाही. कारण डॉक्टरच नव्हता तिथं. औरंगाबादचं सरकारी मेडिकल कॉलेज १९५६ चं, तोवर आख्ख्या मराठवाड्यात एक मेडिकल कॉलेज नव्हतं. त्याचंच हॉस्पिटल ते आपलं घाटी, जिथं आठही जिल्ह्यांतून लोक गाठोडं घेऊन जातात. मग सत्तरच्या दशकात अंबाजोगाई, स्वामी रामानंद तीर्थांच्या नावानं, ग्रामीण भागातलं मेडिकल कॉलेज म्हणून त्याचं तेव्हा लै कौतुक. नांदेड १९८८, लातूर २००२. बाकीची जिल्ह्याची कॉलेजं तर आत्ता आत्ता, कोरोनानंतर.

त्यामुळं माझ्या लहानपणी आमच्या तालुक्याला ज्याला आम्ही डॉक्टर म्हणायचो त्यांच्या पाटीवर लिहिलेलं असायचं, आर.एम.पी., वैद्य विशारद, प्रयाग. पाटी पत्र्याची, निळी, अक्षरं पांढरी आणि पाऊस लागून आर चा कान झडलेला. आर.एम.पी. ही काही डिग्री नाही, त्याचा अर्थ फक्त रजिस्टर्ड मेडिकल प्रॅक्टिशनर, म्हणजे "यादीतला" एवढाच, पण गावाला वाटायचं ही एमबीबीएसच्या वरची असणार कारण अक्षरं जास्त रुबाबदार. आणि प्रयागच्या हिंदी साहित्य संमेलनाच्या परीक्षेचं ते विशारद पण १९६७ नंतर मान्यता नसलेलं, हे सुप्रीम कोर्टानं नंतर स्पष्ट केलं. पण रात्री दोनला विंचू चावला तर कंदील घेऊन तेच यायचे. मी त्यांना बोगस म्हणू शकत नाही, कायदा म्हणतो, कायद्याचं बरोबर पण असेल. १९९६ ला सुप्रीम कोर्टानं एका केसमध्ये सांगितलंच की होमिओपॅथी शिकलेल्यानं अ‍ॅलोपॅथीची औषधं देणं हाच निष्काळजीपणा, वेगळा पुरावा नको. मुंबईची केस होती ती, पेशंट गेला होता.

दिल्लीचं थोडक्यात सांगतो. आपल्या डिग्र्या विलायतेत चालाव्यात की नाही हे १९३० पर्यंत लंडनची ती कौन्सिल ठरवायची, १९३० ला तिनं मान्यता काढली तेव्हा आपल्याकडं घाई झाली आणि १९३३ च्या कायद्यानं मेडिकल कौन्सिल ऑफ इंडिया निघाली. म्हणजे आपली देशपातळीची कौन्सिल निघाली ती रोग्यासाठी कमी आणि डिग्रीच्या इज्जतीसाठी जास्त. तिचं पुढं काय झालं, २०१० ला लाचेचं प्रकरण, बरखास्ती, ते सगळ्यांना माहीत आहे. २०१९ ला नॅशनल मेडिकल कमिशनचा कायदा झाला आणि सप्टेंबर २०२० ला जुनी कौन्सिल कायमची बंद. या नव्या कायद्यात पहिल्यांदा सरळ शब्द आला, प्रॅक्टिसचं लायसन. दंड पण हजारावरून पाच लाखापर्यंत. लायसनसाठी नेक्स्ट नावाची एकच परीक्षा सगळ्या देशाला, असं पण त्यात लिहिलंय, पण ती काही अजून झाली नाही, दरवर्षी पोरं घाबरतात आणि दरवर्षी पुढं जाते.

परीक्षा खरी लागते ती बाहेरून शिकून आलेल्यांना. रशिया, किर्गिझस्तान, जॉर्जिया, फिलिपिन्स. लातूरला क्लास लावून दोन-दोन वर्ष नीटची परीक्षा रिपीट करून सरकारी कॉलेज नाही भेटलं की बाप एकरभर विकतो आणि तिकडं पाठवतो. यांना २००२ पासून स्क्रीनिंग टेस्ट आहे, ३०० पैकी १५० पाहिजेतच, त्याशिवाय रजिस्ट्रेशन नाही, आणि २०२१ च्या नियमानं तर कोर्स किमान ५४ महिन्यांचा, वर इंटर्नशिप तिकडं पण आणि इकडं पण. युक्रेनवाले मधातच अडकले. माझ्याकडं अशी फाईल आली की मी आधी चहा सांगतो, कारण पासपोर्टच्या शिक्क्यापासून मार्कमेमोच्या भाषांतरापर्यंत तीस-चाळीस पानं असतात आणि एका ठिकाणी नावाचं स्पेलिंग चुकलं की परत अफिडेव्हिट.

इथल्या पोरांच्या कागदांत पण इतिहास दिसतो बरं का. घाटीच्या जुन्या डॉक्टरांची डिग्री मराठवाडा विद्यापीठाची, १९९४ च्या नामविस्तारानंतरच्यांची डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाची, आणि १९९८ ला नाशिकचं आरोग्य विद्यापीठ निघालं, तिथून पुढं सगळ्यांची नाशिकची. एकाच घरात आजोबा, बाप, नात डॉक्टर असले तर तीन डिग्र्यांवर तीन नावं असू शकतात, कॉलेज एकच. आता शहराचं नाव पण बदललंय, म्हणजे नातीच्या शाळेच्या टीसीवर औरंगाबाद आणि आधारवर छत्रपती संभाजीनगर.

आणि यादीत कोण घ्यायचा हे भांडण १९१२ पासून आहे तिथंच आहे. २०१४ ला आपल्या सरकारनं कायदा बदलून ठरवलं की होमिओपॅथीच्या डॉक्टरांनी सीसीएमपी नावाचा वर्षाचा कोर्स केला तर त्यांना अ‍ॅलोपॅथीची औषधं लिहिता येतील. मग त्यांची नोंद मेडिकल कौन्सिलमध्ये करायची का यावरून २०२५ ला अ‍ॅलोपॅथीवाल्यांनी राज्यभर संप केला. त्या दिवशी आमच्या दुकानासमोरचे दोन दवाखाने बंद आणि तिसरा, होमिओपॅथीवाल्यांचा, फुल्ल.

तर ती परभणीची पोरगी. फॉर्म सबमिट झाला, पावती काढून दिली, वडिलांनी ती घडी घालून टोपीत ठेवली. मी सांगितलं की ताई, हे एकदा आलं की कायमचं नाही हां, दर पाच वर्षांनी रिन्यूअल, आणि त्यासाठी तेवढ्यात ३० क्रेडिट पॉइंट जमवायचे, कॉन्फरन्स-बिन्फरन्सला जाऊन, नाहीतर अडतं. ती हो हो म्हणाली, तिला माहीतच होतं.

वडील जिन्यावरून परत फिरले. म्हणाले, "पाच वर्षाला रिन्यू करावं लागतंय का? मग लायसनच झालं की ओ ते."