पाट्यांवरचं ओझं: हायलक्सच्या सस्पेन्शन-बदलामागची गोष्ट

२०२२ साली टोयोटाची हायलक्स ही पिकअप भारतात आली. किंमत ३३.९९ लाखांपासून पुढे, आणि मागच्या चाकांवर पाटे, म्हणजे पोलादी पट्ट्यांची लीफ स्प्रिंग. बोलेरो पिकअपला असतात तसेच, एकावर एक रचून यू-बोल्टने आवळलेले. एवढे पैसे मोजून टांग्याचं तंत्र घ्यायचं का, असं तेव्हा बऱ्याच जणांनी विचारलं. गाडी घेऊन महिना-दोन महिन्यांत सस्पेन्शन बदलणाऱ्यांच्या बोलण्यातही हाच सूर असतो, की कंपनीने इथे हात आखडता घेतला. मला हे पटत नाही. पाटे तिथे का आहेत आणि लोक ते का बदलू लागले, याला जवळजवळ नव्वद वर्षांचा इतिहास आहे. तो ठाऊक असेल तर लाखाच्या घरातलं किट घेताना माणूस योग्य प्रश्न विचारतो. नसेल तर नुसती उंची विकत घेऊन घरी येतो.

टांग्याचं म्हणणं मात्र चुकीचं नाही. लंडनच्या ओबादाया एलियटने घोडागाडीसाठी कमानदार पाट्यांचं पेटंट घेतलं ते १८०४ साली. फोर्डची मॉडेल टी १९०८ साली आली, तिला पुढे-मागे आडवे पाटे होते; १९२५ साली तिच्यावरच फोर्डने कारखान्यातून पहिली पिकअप काढली. पाटा स्वस्त, पाटा दणकट, आणि एकटा पाटा दोन कामं करतो: वजनही पेलतो आणि अ‍ॅक्सलला, म्हणजे चाकांच्या आसाला, जागेवर धरूनही ठेवतो. कॉइल, म्हणजे गुंडाळीची स्प्रिंग, फक्त वजन पेलते. अ‍ॅक्सल धरायला तिला वेगळे दांडे लागतात.

खरी अडचण सुरू झाली ऑस्ट्रेलियात. १९३२ साली व्हिक्टोरिया राज्यातल्या एका शेतकऱ्याच्या बायकोने फोर्डला पत्र लिहिलं, असं सांगतात. रविवारी घरच्यांना चर्चला नेता येईल आणि सोमवारी त्याच गाडीतून डुकरं बाजारात नेता येतील, अशी गाडी तिला हवी होती. लू बँट नावाच्या तरुण डिझायनरने त्यावरून १९३४ साली जी गाडी बेतली तिला तिकडे आजही ‘यूट’ म्हणतात. पुढच्या सगळ्या पिकअपचा पेच त्या पत्रात आहे. रविवारी मागे काहीच नाही, सोमवारी अर्धा टन, आणि पाटे तेच. सोमवारच्या हिशेबाने कडक केले तर रविवारी पाठ मोडते, रविवारच्या हिशेबाने मऊ केले तर सोमवारी गाडी मागे बसते आणि हेडलाइट झाडांच्या शेंड्यांवर जातात. कोणतीही कंपनी यातला मधला मार्ग काढते. तुमचा मार्ग नेमका मधला नसेल तर बदल करावा लागतो, त्यात कंपनीला दोष द्यायचं कारण नाही.

हायलक्स १९६८ साली जपानमध्ये निघाली, ती फक्त मागची चाकं ओढणारी साधी मालवाहू गाडी म्हणून. चारही चाकं ओढणारी हायलक्स आली १९७९ साली. पुढे सलग अ‍ॅक्सल, मागे सलग अ‍ॅक्सल, चारही कोपऱ्यांत पाटे. ती ऑस्ट्रेलियाच्या आतल्या भागात पोचली तेव्हा तिथे लोक कुठे कुठे जात होते ते पाहिलं पाहिजे. भूगर्भशास्त्रज्ञ रेग स्प्रिग १९६२ साली बायको-मुलांना घेऊन निस्सानच्या ‘पॅट्रोल’ नावाच्या गाडीतून सिम्प्सन वाळवंट पार करून आला होता. विलुना ते हॉल्स क्रीक हा गुरं हाकायचा जुना मार्ग, कॅनिंग स्टॉक रूट, साधारण १,८५० किलोमीटरचा आहे आणि वाटेत आठशेहून जास्त वाळूच्या टेकड्या. मध्ये शेकडो किलोमीटर गॅरेज नाही, डिझेल नाही, पाण्याचा भरवसा नाही. म्हणजे सगळं बरोबर न्यायचं.

त्यात तिकडच्या कच्च्या रस्त्यांचा एक स्वभाव आहे. वाहनं वेगाने जाऊन-येऊन मातीवर आडव्या लाटा उठतात, थेट सिमेंटच्या पन्हाळी पत्र्यासारख्या, आणि त्या शेकडो किलोमीटर संपत नाहीत. आपल्याकडे असा तुकडा एखाद्या खाणीच्या नाहीतर धरणाच्या रस्त्यावर लागतो, पाच-सात किलोमीटरचा. अशा रस्त्यावर अर्धा तास चालवून थांबा आणि मागच्या चाकाजवळ वाकून शॉकअपच्या नळीजवळ हात न्या. टेकवू नका, चटका बसेल. हाताला लांबूनच आच लागते. सील कमजोर झालं असेल तर दांड्याजवळून तेल पाझरलेलं दिसतं आणि त्यावर धूळ बसून काळा चिखल झालेला असतो. शॉकअपचं काम हेच आहे: स्प्रिंगची हालचाल तेलातून पिस्टन ढकलून उष्णतेत बदलायची आणि ती हवेत सोडायची. लाटा थांबल्या नाहीत तर उष्णता निघायला वेळ मिळत नाही, तेल पातळ होतं, त्याला फेस येतो आणि पिस्टन तेलाऐवजी फेसातून फिरू लागतो. आतापर्यंत दबून चालणारी गाडी मग होडीसारखी डुलायला लागते. पाटे शाबूत असतात, पण त्यांना आवरणारं कोणी उरत नाही. सस्पेन्शन बदलायची गरज उंचीपोटी निर्माण झाली असं अनेकांना वाटतं. माझ्या मते ती ओझ्यापोटी आणि या उष्णतेपोटी निर्माण झाली.

१९७५ साली मेलबर्नमध्ये अँथनी रोनाल्ड ब्राउनने एआरबी ही कंपनी सुरू केली, ती गाडीच्या पुढच्या लोखंडी बंपरपासून. कांगारू आडवा आला तर रेडिएटर वाचला पाहिजे, हा हेतू. पण हिशेब करून पाहा. पोलादी बंपरचे पन्नास-साठ किलो, विंचचे (रुतलेली गाडी दोराने ओढून काढणाऱ्या यंत्राचे) पस्तीस-चाळीस, दुसऱ्या बॅटरीचे वीसेक. हे सगळं पुढच्या चाकांच्याही पुढे लटकलेलं. मागे शंभर लिटर जादा डिझेल म्हणजे साधारण ८४ किलो, साठ लिटर पाणी म्हणजे साठ किलो, वर तंबू, सामान आणि दुसरं सुटं चाक. माणसं बसायच्या आधीच गाडी कंपनीने मनात धरलेल्या वजनाच्या पलीकडे गेलेली असते. म्हणून बंपर विकणाऱ्यांना स्प्रिंगाही विकाव्या लागल्या. एआरबीच्या ‘ओल्ड मॅन एमू’ या सस्पेन्शनची विक्री आजही वजनावरून चालते. एकाच गाडीला मोकळ्या नाकाची स्प्रिंग वेगळी, बंपरवाली वेगळी, बंपर आणि विंचवाली आणखी वेगळी. मागच्या पाट्यांचंही तसंच. शॉकअप त्या स्प्रिंगेला जुळवूनच बनवलेला. गाडी पन्नास मिलिमीटरच्या आसपास वर उठते खरी, पण ती उंची ओझ्याने बसलेली गाडी परत जागेवर आणताना मिळालेली आणि चाकाला खाली-वर जायला थोडी जास्त जागा देणारी असते. तिकडचा कायदाही कडक आहे. जाड पाटे टाकले म्हणून गाडीची कायदेशीर वजनमर्यादा आपोआप वाढत नाही. त्यासाठी वेगळं प्रमाणन करून घ्यावं लागतं.

पुढची बाजू बदलली ती अमेरिकेसाठी. तिथे पिकअप घरगुती गाडी होत चालली होती. टोयोटाने १९८६च्या मॉडेलपासून पुढचा सलग अ‍ॅक्सल काढून दोन्ही चाकं स्वतंत्र केली आणि पाट्यांच्या जागी पिळली जाणारी दांडी, म्हणजे टॉर्शन बार बसवला. ऑस्ट्रेलियात मात्र कामाच्या फोर-बाय-फोर हायलक्सला १९९७पर्यंत पुढे सलग अ‍ॅक्सल आणि पाटेच होते. टॉर्शन बारने एक वाईट सवय लावली. बोल्ट आवळला की गाडी पुढून वर, खर्च शून्य. पण आवळल्याने दांडी लांब होत नाही आणि चाकाची एकूण हालचालही वाढत नाही. ती फक्त वर सरकते. चाक खाली जायला जागा उरत नाही, खड्डा आला की आर्म स्टॉपवर आपटतो, अ‍ॅक्सलचे सांधे तिरके फिरतात आणि त्यांची रबरी बुटं फाटतात. २००४ साली थायलंडमध्ये आलेल्या हायलक्सने पुढे कॉइल आणली (इनोव्हा, फॉर्च्युनर त्याच घराण्यातल्या), पण सवय गेली नाही. आता बोल्टऐवजी स्प्रिंगच्या डोक्यावर स्पेसर, म्हणजे जाड चकती ठेवतात. स्प्रिंग तीच, शॉकअप तोच, भोग तेच. आपल्याकडे ‘लिफ्ट केली’ म्हणून जे दाखवतात त्यात हा प्रकार पुष्कळ आहे. तो पाहिला की मला खरोखर वाईट वाटतं, कारण मालकाने पैसे देऊन गाडी आधीपेक्षा वाईट करून घेतलेली असते.

दुसरी परंपरा वेगाची. मेक्सिकोच्या बाहा द्वीपकल्पात १९६७ साली टिहुआना ते ला पाझ अशी पहिली शर्यत झाली आणि मेयर्स मँक्स नावाच्या हलक्या बग्गीने ती २७ तास ३८ मिनिटांत जिंकली. तिथे ओझं नव्हतं, आपटणं होतं. शॉकअपची सगळी प्रगती तिकडून आली असं मानलं जातं, पण मूळ फ्रान्समध्ये आहे. बुर्सिए द कार्बोन या संशोधकाने एकाच नळीत तेल आणि दाबाखालचा वायू मध्ये तरता पिस्टन ठेवून वेगळे केले, म्हणजे फेस होण्याचा प्रश्नच मिटला. जर्मनीच्या बिलस्टीनने १९५७मध्ये मर्सिडीजसाठी त्याचं मोठ्या प्रमाणावर उत्पादन सुरू केलं. बाहावाल्यांनी त्यात भर घातली: बाजूला जोडलेली तेलाची जादा टाकी, आणि पिस्टनला वळसा घालून तेल जाऊ देणाऱ्या बायपास वाटा. त्यामुळे मधल्या हालचालीत शॉकअप मऊ राहतो आणि टोकाशी पोचताना घट्ट होतो. २००९ साली फोर्डने एफ-१५० रॅप्टर या पिकअपमध्ये हे कारखान्यातूनच दिलं.

त्याची किंमत काय असते ते फोर्डच्याच २०१८च्या रेंजर रॅप्टर पिकअपने दाखवलं. मागचे पाटे काढून कॉइल, फॉक्स कंपनीचे जाड शॉकअप. गाडी उधळली तरी जमिनीला चिकटून राहते. पण भार वाहण्याची क्षमता टनाच्या बरीच खाली आली आणि ब्रिटनच्या करनियमांत ती व्यापारी वाहन म्हणून बसेना. निस्साननेही आपल्या नवारा पिकअपला मागे कॉइल दिली होती. भार टाकला की गाडी बसते अशी टीका ऑस्ट्रेलियात झाली आणि कंपनीला स्प्रिंगा पुन्हा पुन्हा बदलाव्या लागल्या. हायलक्सने पाटे का सोडले नाहीत, याचं उत्तर मला इथे दिसतं.

आइसलँडची तिसरी वाट थोडक्यात सांगतो, कारण आपल्याला तिचा उपयोग कमी. तिथे १९९०मध्ये टोयोटाच्याच विक्रेत्याकडे आर्क्टिक ट्रक्सची सुरुवात झाली. अडतीस इंची टायर, त्यात नावापुरती हवा, म्हणजे गाडी बर्फावर तरंगते. त्यांना उंची लागते ती टायर मावण्यासाठी. टायर साधेच ठेवून तेवढी उंची घेण्यात काही अर्थ नाही, उलट धोका आहे. एका स्वीडिश मासिकाने अचानक आडव्या आलेल्या जनावराला चुकवण्याची चाचणी २००७ आणि २०१६मध्ये घेतली तेव्हा न उचललेली हायलक्ससुद्धा दोन चाकांवर गेली होती.

भारतात कायद्याची बाजूही आहे. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ मूळ रचनेत फरक करू देत नाही, जानेवारी २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते कडकपणे वाचलं आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीने दर बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही अशी तरतूद केली. घिसलेल्या शॉकअपच्या जागी त्याच मापाचा नवा आणि चार इंच उचललेली गाडी यांत काय फरक आहे, ते आरटीओत आधी विचारून घ्यावं.

आणि हे सगळं परक्यांचं शास्त्र आहे असंही नाही. कांद्याच्या हंगामात नाशिक-नगरच्या रस्त्यावरच्या कमान-पाट्याच्या दुकानात उभे राहा. बसका पाटा ऐरणीवर आडवा धरून घणाचे ठोके थोड्या थोड्या अंतरावर पडत जातात आणि सपाट झालेली पट्टी हळूहळू कमान धरते. मग ती दुसऱ्या बाजूच्या पाट्याशेजारी ठेवून डोळ्याने मापतात, पुन्हा दोन ठोके. पिकअपवाला जादा पाटा चढवायला सांगतो. कारागीर लगेच यू-बोल्टला हात घालत नाही, आधी विचारतो, माल किती भरता आणि रिकामी गाडी किती चालते? मेलबर्नचं किट घेतानाही हाच प्रश्न छापील तक्त्यात विचारलेला असतो. हायलक्स किंवा इसुझूच्या व्ही-क्रॉस पिकअपवाल्याने त्याचं उत्तर अंदाजाने देऊ नये. सगळं सामान भरून, टाकी भरून, घरच्यांना बसवून गाडी वजनकाट्यावर न्यावी. आधी फक्त पुढची चाकं काट्यावर, मग फक्त मागची. दोन पावत्या मिळतात, त्या घेऊन दुकानात जावं.