सातत्यदर्शक ‘ऑन’ (इंग्रजी फ्रेझल व्हर्ब)

इंग्रजी क्रियापदाला जोडून येणारा आणि क्रिया थांबलेली नाही, चालूच आहे असे सांगणारा शब्द. ‘कीप ऑन’, ‘गो ऑन’, ‘कॅरी ऑन’ ही त्याची रोजच्या वापरातली रूपे. ‘ऑन’ म्हणजे ‘वर’ एवढेच शाळेत पाठ होते. पण ‘वॉक ऑन’मध्ये तो ‘पुढे’ या अर्थाने येतो, आणि वाटेवरचे हे पुढे जाणेच काळालाही लागू होते.

अकर्मक क्रियापदाशी ‘ऑन’ सहज जुळतो : ‘शी स्लेप्ट ऑन’, ‘द मीटिंग ड्रॅग्ड ऑन’. कर्म मात्र त्याला चालत नाही. ‘ही रेड ऑन’ ठीक, ‘ही रेड द बुक ऑन’ चूक. तिथे ‘ही केप्ट ऑन रीडिंग द बुक’ असे म्हणावे लागते. क्षणात होऊन जाणाऱ्या क्रियेबरोबर ‘कीप ऑन’ आले की अर्थ ‘पुन्हा पुन्हा’ असा होतो : ‘ही केप्ट ऑन नॉकिंग’ म्हणजे तो दार ठोठावतच राहिला.

‘गो ऑन’ जपून वापरावे. बाबासाहेब आंबेडकर १९१३ मध्ये बडोदा संस्थानाच्या शिष्यवृत्तीवर कोलंबिया विद्यापीठात गेले आणि १९४७ मध्ये संविधानाच्या मसुदा समितीचे अध्यक्ष झाले. हे सांगताना ‘ही वेंट ऑन टू चेअर द ड्राफ्टिंग कमिटी’ असे म्हणतात. यात सातत्य नाही, ‘पुढे’ घडलेली नवी गोष्ट आहे. ‘वेंट ऑन स्टडीइंग’ मात्र ‘शिकत राहिले’.

बडोद्याच्या मराठी मुलाला ‘कीप ऑन’ समजायला गुजरातीची चांगली मदत होते. ‘ए बोल्या करे छे’ हे तो रावपुऱ्यात, दांडिया बाजारात रोज ऐकतो. मूळ क्रियापदाचे भूतकाळी रूप आणि पुढे ‘करवुं’, की झाले सातत्य. घरच्या मराठीत मात्र निवड करावी लागते. ‘बोलत राहिला’ हे साधे सातत्य. ‘बोलत बसला’ म्हटले की वेळ वाया गेल्याची तक्रार आली. ‘बोलत सुटला’ म्हणजे त्याला आवर उरला नाही. इंग्रजीत याच्या सर्वांत जवळ ‘ऑन अँड ऑन’ येते. ‘अंधार वाढत गेला’ यात क्रिया चालू राहते आणि टप्प्याटप्प्याने चढतेही.

भाषांतरात प्रत्येक ‘कीप ऑन’ला ‘राहणे’ लावण्याची सवय फार बोकाळली आहे, आणि ती वाक्य निर्जीव करते. ‘ताट वाढलंय, आणि तू फोनवर काय बोलत बसलीस?’ असे आजी नातीला म्हणते तेव्हा राग ‘बसलीस’मध्ये असतो. ‘यू कीप ऑन टॉकिंग’मध्ये तोच राग बहुतेक आवाजाच्या चढावरून कळतो. म्हणून मराठी करताना आधी बोलणाऱ्याचा सूर ओळखावा, मग सहायक क्रियापद निवडावे.

एका मराठी रूपाला मात्र ‘ऑन’ पुरत नाही. बडोद्यातली कितीतरी घरे गायकवाडांच्या काळापासून पिढ्यान्‌पिढ्या मराठी बोलत आली आहेत. हे ‘बोलत येणे’ मागून सुरू होऊन आजपर्यंत पोचते. इंग्रजीत त्यासाठी ‘हॅव बीन स्पीकिंग’ हेच रूप लागते.