डोळ्यांना सवय होणं आणि नजर तयार होणं

"आधी काही कळायचं नाही, आता आवडतं," असं आजकालच्या चित्रांबद्दल पुष्कळजण सांगतात. या एका वाक्यात दोन वेगळ्या गोष्टी खपून जातात. चित्र रोज समोर राहून डोळ्यांना सवय होते, ही एक. आणि पाहून पाहून नजर तयार होते, गाण्यात कान तयार होतो तशी, ही दुसरी.

सवयीला फारसे कष्ट लागत नाहीत. अनोळखी चिन्हं नुसती वारंवार दिसली तरी बरी वाटू लागतात, हे रॉबर्ट झायन्स या मानसशास्त्रज्ञानं १९६८ मध्ये दाखवलं. पण चित्रांच्या बाबतीत हे सरसकट चालत नाही. २०१३ च्या एका अभ्यासात विद्यार्थ्यांना जॉन एव्हरेट मिले हा नावाजलेला इंग्लिश चित्रकार आणि टॉमस किंकेड हा बाजारू, गोड चित्रं काढणारा अमेरिकन चित्रकार, या दोघांची चित्रं पुन्हा पुन्हा दाखवली. किंकेडची दिवसेंदिवस कमी आवडू लागली, मिलेची तशी उतरली नाहीत.

बडोद्यात, दांडिया बाजारातल्या आमच्या घरी, जिन्यापाशी, चित्रकार नसरीन मोहमदींच्या एका रेखाचित्राची छापील प्रत लावलेली आहे. त्या १९७२ पासून १९९० मध्ये वारेपर्यंत इथल्याच विद्यापीठाच्या फाइन आर्ट्स विभागात शिकवत होत्या. त्यांच्या बहुतेक चित्रांना ना नाव, ना तारीख. बोट धरायला काहीच नाही. नुसत्या तिरप्या रेघा. एका कोपऱ्यात इतक्या दाट की राखाडी सावली पडल्यासारखी वाटते, पुढे विरळ होत होत कोरा कागद. पहिल्या दिवशी आत्या म्हणाली, "एवढ्या पैशांत पट्टी आणि पेन आलं असतं."

मला मात्र वर्षभरात ते आवडायला लागलं. शेवटच्या वर्षांत आजारामुळे नसरीनबाईंचा हालचालींवरचा ताबा सुटत चालला होता, तरी हातून अशा रेघा निघत होत्या, हे वाचल्यावर तर फारच. (ती हळहळ होती. तिचा चित्र पाहण्याशी संबंध थोडाच.) आल्यागेल्याला मी चित्र समजावूनही सांगायचो.

मग दिवाळीआधी घराला रंग दिला आणि रंगाऱ्यानं सगळ्या फ्रेमा परत टांगल्या. जिन्यातून दिवसाला दहा वेळा माझी ये-जा. अकराव्या दिवशी आत्या चहाचा कप घेऊन तिथे थांबली.

"हे उलटं लागलंय रे."

"कशावरून?"

"दाट रेघा खाली होत्या, माठाकडे. वर जाताना मोकळं वाटायचं. आता डोक्यावर आल्यात."

फ्रेम उतरवून पाहिली. टांगायची तार खालच्या बाजूला होती. रंगाऱ्यानं फ्रेम उलटी करून नुसती खिळ्यांवर टेकवली होती. सवय माझी झाली होती. नजर आत्याची तयार झाली होती, आणि तिला ते चित्र अजूनही आवडत नाही.